शेजाऱ्याची वाटी

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत आपल्याकडे घरोघरी पाळतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ती किती पाळली जाते, हे पाहायचं तर बीएसडीचं कुटुंब पाहावं. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या वंशातल्या फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ च्या. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून ओपनबीएसडी वेगळी निघाली. चुली वेगळ्या झाल्या, पण लायसन्स इतकं मोकळं की मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर राखून कोणीही कोणाचाही कोड न्यावा.

नेणं सोपं असतं. परत देणं अवघड. २००१ मध्ये लायसन्सच्या वादातून ओपनबीएसडीने आपला जुना फायरवॉल काढला आणि डॅनियल हार्टमायर यांनी त्याजागी पीएफ लिहिला. नियम लिहिण्याची पद्धत इतकी सुटसुटीत की भावंडांनीही तो घेतला. फ्रीबीएसडीत तो २००४ मध्ये, ५.३ या आवृत्तीत आला. मग वाटा फुटल्या. ओपनबीएसडीने ४.७ मध्ये नॅटच्या, म्हणजे नेटवर्कचे पत्ते बदलण्याच्या, नियमांची मांडणीच बदलली. फ्रीबीएसडीकडे ४.५ मधला पीएफ होता. तो अनेक कोअरवर एकाच वेळी चालावा म्हणून त्यांनी आतून उसवून पुन्हा शिवला. दोन्ही कामं मोलाची. पण इकडचा पॅच तिकडे लागेना, एका घरची नियमांची फाइल दुसऱ्या घरी जशीच्या तशी चालेना. सुरक्षेची एखादी चूक एकीकडे दुरुस्त झाली, तर दुसरीकडे तीच दुरुस्ती हाताने नव्याने करायची.

माझ्या मते दोष वेगळं होण्यात नव्हता. सुधारणा परत पोचवणं हे कोणाचं ठरलेलं काम नव्हतं, तिथे गाडं अडलं. मोठा बदल लहान तुकड्यांत फोडायचा, समोरच्याच्या कोडवर पुन्हा बेतायचा, त्यांच्या मशीनवर चाचणी घ्यायची, त्यांचे आक्षेप ऐकून दुरुस्त करायचा. यात आठवडे जातात आणि नव्या सुविधेसारखं दाखवायला काही हाती राहत नाही. फ्रीबीएसडीवर धंदा उभा करणाऱ्या कंपन्यांनी या आठवड्यांचे पैसे द्यायला हवेत, असं मी ठामपणे म्हणेन.

जिथे हे काम कोणीतरी अंगावर घेतलं, तिथे फरक दिसतो. दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचं ओपनएसएसएच ओपनबीएसडीसाठी लिहिलं जातं आणि इतर सिस्टिमसाठीची जोडणी वेगळी ठेवून सांभाळली जाते. झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या लिनक्स आणि फ्रीबीएसडीतल्या प्रती वर्षानुवर्षं वेगळ्या वाढल्या. २०२० मध्ये ओपनझेडएफएस २.० ने दोघांसाठी एकच कोड केला.

पीएफचंही देणंघेणं आता पुन्हा सुरू झालं आहे. ओपनबीएसडीतले बदल एकेक करून फ्रीबीएसडीत आणले जात आहेत, आणि अशा बदलाच्या नोंदीत ‘कुठून घेतलं’ या रकान्यापुढे ओपनबीएसडीचं नाव असतं.