दुधातले पाणी मोजले, पाण्यातला विषाणू कोण मोजणार?

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

प्राधिकरणाने ऑक्टोबर 2019 मध्ये देशव्यापी दूध सर्वेक्षणाचा अहवाल जाहीर केला आणि 93 टक्के नमुने सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. 50,000 हून अधिक लोकवस्तीच्या 1,103 शहरांतून घेतलेल्या 6,432 नमुन्यांपैकी 3,825 निरशा दुधाचे होते. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे 12, तर मर्यादेपेक्षा अधिक अफ्लाटॉक्सिन एम-1, म्हणजे बुरशी लागलेल्या चाऱ्यातून दुधात उतरणारे विष, असलेले नमुने 368 होते. मात्र सर्वेक्षणाच्या सुरक्षिततेच्या निकषांत भेसळीचे 13 पदार्थ, प्रतिजैविके, कीटकनाशके आणि हे विष एवढेच होते. विषाणू नव्हते आणि जीवाणूही नव्हते. जे तपासलेच नाही त्याबाबतही दूध सुरक्षित म्हणण्याचा अधिकार प्राधिकरणाला कोणी दिला?

याच अहवालात सुमारे 41 टक्के नमुने गुणवत्तेच्या एखाद्या तरी निकषावर उणे ठरले. त्यात स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ कमी भरण्याचा मोठा वाटा होता आणि पाणी घालणे हे त्याचे एक उघड कारण आहे. या पाण्याकडे केवळ ग्राहकाच्या पैशांची फसवणूक म्हणून पाहिले जाते, त्याची नोंद ‘गुणवत्ता’ या सदरात होते, ‘सुरक्षितता’ या सदरात नव्हे, आणि मूळ चूक इथेच आहे. हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे यकृताला सूज आणून कावीळ करणारे विषाणू, मुख्यतः मैलामिश्रित पाण्यातून व अन्नातून पसरतात. हिपॅटायटिस ई गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. टँकरचे किंवा गळक्या नळाचे असे पाणी दुधात मिसळले गेले, तर ते दूधही दूषितच ठरते.

विषाणू थेट जनावरातूनही दुधात उतरतात आणि त्यांना रोखते ते पाश्चरीकरण, म्हणजे दूध 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे किंवा सुमारे 72 अंशांना 15 सेकंद तापवून लगेच थंड करणे. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू आढळला, पुढे हजाराहून अधिक कळपांना त्याची लागण झाली आणि बाधित गाईंचे निरसे दूध प्यायलेली गोठ्यांवरील मांजरे दगावली. तेथील प्रशासनाने दुकानांतील 297 दुग्धजन्य नमुने तपासले तेव्हा सुमारे पाचांतल्या एकात विषाणूचे अवशेष मिळाले, पण पाश्चरीकरणामुळे जिवंत विषाणू एकातही नव्हता. फ्रान्सच्या एँ जिल्ह्यात 2020 मध्ये शेळीच्या निरशा दुधाच्या चीजमधून गोचिडजन्य मेंदूज्वर चाळीसहून अधिक जणांना झाला. सिंधुदुर्गातील माकडताप त्याच विषाणुकुळातला आहे. तो दुधातून पसरल्याचा पुरावा नाही, परंतु एकच कूळ पाहून तपासणी करण्याइतकी सावधगिरी अपेक्षित होती. बर्ड फ्लूही दूरचा नाही: देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला झाला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तो ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात, कोंबड्यांमध्ये आढळला. आमचे मिरा-भाईंदर याच जिल्ह्यात आहे.

‘आपल्याकडे दूध उकळूनच पितात’ हे ठरलेले उत्तर पुन्हा दिले जाऊ नये. उकळलेल्या दुधाबद्दल तक्रार नाहीच. पूजेनंतर तीर्थ म्हणून लहान मुलांच्या ओंजळीत पडणारे पंचामृत अनेकदा निरशा दुधाचे असते, धारोष्ण दूध बलवर्धक मानून पिणारे तरुण आजही आहेत, आणि गल्लीतल्या डेअरीत मिळणाऱ्या सुट्या लस्सीचे वा लोण्याचे दूध तापले होते की नाही हे ग्राहकाला पाहूनही कळत नाही. पिशवीवर पाश्चरीकृत असे छापलेले असते. सुट्या मालावर काहीच नसते.

ते कळण्याची सोय मात्र जुनी आणि स्वस्त आहे. निरशा दुधात फॉस्फेटेज नावाचे विकर असते आणि योग्य पाश्चरीकरणात ते निष्क्रिय होते. म्हणून ते सापडले की दूध पुरेसे तापलेले नाही किंवा त्यात निरसे दूध मिसळले आहे, हे सिद्ध होते. 2011 च्या जनगणनेत 8,09,378 लोकसंख्या असलेल्या मिरा-भाईंदरमध्ये सुट्या दुधाची आणि त्यापासून केलेल्या पदार्थांची ही चाचणी नियमित व्हावी आणि तिचे निकाल प्रभागवार जाहीर व्हावेत. ‘निरसे दूध, उकळूनच वापरा’ अशी मराठी पाटी प्रत्येक सुट्या दुधाच्या विक्रेत्याला नोंदणीची अट म्हणून सक्तीची करावी. जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळल्यास गोठ्यांतील दुधाचे नमुनेही विषाणू चाचणीसाठी पाठवावेत आणि पुढील राष्ट्रीय सर्वेक्षणात पाणी मिसळलेल्या दुधाची हिपॅटायटिस ए व ई साठी तपासणी समाविष्ट करावी. यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या तारखेपर्यंत होईल, आणि होणार नसेल तर कोणत्या कारणाने, याचे लेखी उत्तर दोन्ही कार्यालयांनी जाहीरपणे द्यावे.

मिरा-भाईंदरमधील दूधग्राहक