विश्लेषण : १ कोटीचा कर्णधार की १८५ गुणांचा नवखा? यू मुंबाच्या हंगामाचा हिशेब कसा मांडायचा?

प्रो कबड्डीचा ११ वा हंगाम २९ डिसेंबरला संपला. पुण्यात बालेवाडीला हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. घोडपदेवच्या कट्ट्यांवर मात्र यू मुंबाचा हंगाम अजून चालूच आहे. वाद एकच, रोज रात्री तोच. ‘सुनीलला १ कोटी कशाला दिले? गुण तर अजितने आणले!’

वाद वरवर पाहता सोपा वाटतो. अजित चौहान या पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या चढाईपटूने १८५ चढाई गुण मिळवले. कर्णधार सुनील कुमारसाठी ऑगस्टमधल्या लिलावात १ कोटी १.५ लाख रुपये मोजले गेले. १ कोटीचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय बचावपटू ठरला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ५ कोटींची होती, म्हणजे पाचातला एक रुपया एकट्या सुनीलवर गेला. ॲप उघडले की गुणांच्या यादीत अजित वर दिसतो आणि सुनील शोधावा लागतो. मग पैसे वाया गेले का? पुढच्या लिलावाआधी कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे, हे संघाला ठरवावेच लागणार आहे. यापूर्वी हा हिशेब चुकला तेव्हा मुंबईने त्याची किंमत चुकवली आहे.

संघाची कामगिरी नेमकी कशी होती?

आठव्या, नवव्या आणि दहाव्या हंगामात यू मुंबा बाद फेरीपर्यंत पोहोचलीच नव्हती. त्या तुलनेत यंदा २२ साखळी सामन्यांत १२ विजय, ८ पराभव, २ बरोबरी आणि ७१ गुणांसह पाचवे स्थान, ही झेप मोठी आहे. साखळीच्या अखेरच्या दिवशी बंगाल वॉरियर्सला हरवून संघ आत शिरला आणि तेलुगू टायटन्स बाहेर गेले. सहाव्या क्रमांकावरच्या जयपूरचे गुण ७०. इतके सगळे काठावरचे होते.

या ७१ मध्ये एक गोष्ट दडलेली आहे. या हंगामात विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास १ गुण मिळत होता. १२ विजयांचे ६० आणि २ बरोबरींचे ६, असे ६६ होतात. उरलेले ५ गुण पराभवांतूनच आले. म्हणजे ८ पैकी ५ पराभव सात गुणांच्या आतले होते. (हंगामाची सलामी दबंग दिल्लीविरुद्ध २८-३६ अशी गमावली. फरक ८ चा, त्यामुळे तिथे काहीच हाती लागले नाही.) प्रतिस्पर्ध्यांचे गुण त्याने बदलले असते हे क्षणभर बाजूला ठेवू. या पाचांतले तीन सामने जिंकले असते तर प्रत्येकी ४ गुण वाढून संघ ८३ वर गेला असता. दुसऱ्या क्रमांकावरची दबंग दिल्ली ८१ वर थांबली आणि थेट उपांत्य फेरीत गेली.

त्यामुळे ‘चांगला कोण खेळला’ हे विचारून पुरेसे होत नाही. अटीतटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत संघाला कोण कमी पडले, हेही विचारावे लागते.

चढाईचे गुण पाहून खेळाडू मोजला तर काय चुकते?

समजा, एका चढाईपटूने २२ चढाया करून १० गुण आणले आणि तो ६ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १६ चढायांत ८ गुण आणले आणि तो फक्त २ वेळा पकडला गेला. पहिल्याच्या नावापुढे ‘सुपर टेन’ लागते, टीव्हीवर त्याचा फोटो येतो. पण प्रत्येक पकडीचा गुण समोरच्या संघाला जातो. निव्वळ हिशेब केला तर पहिल्याची कमाई ४ आणि दुसऱ्याची ६.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पकडला गेलेला चढाईपटू बाहेर बसतो. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला तरच तो परत येतो, कारण बोनस गुणावर कोणी जिवंत होत नाही. तोपर्यंत चढाईला दुसऱ्याला जावे लागते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची. तिच्यात गुण नाही आणला तर चढाईपटूच बाद. मुख्य चढाईपटू बाहेर असताना ही तिसरी चढाई कोणाच्या वाट्याला येते आणि तो काय करतो, यावर लोण चढते किंवा वाचते. एका लोणाचे २ जादा गुण. सात गुणांच्या आतल्या सामन्यात एक लोण म्हणजे केवढे, हे वेगळे सांगायला नको.

याचे सर्वांत बोलके उदाहरण यू मुंबाच्याच इतिहासात आहे. २०१८ च्या सहाव्या हंगामात चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला मुंबईने ३६.४ लाखांत घेतले. त्याने २१८ चढाई गुणांची लयलूट केली आणि संघ गटात दुसरा आला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख देऊन नेले. प्रशिक्षक घोलामरेझा माझंदरानीही त्याच वर्षी टायटन्सकडे गेले. तिथे सिद्धार्थने २१७ गुण घेतले, आधीच्या वर्षापेक्षा फक्त एक कमी. आणि टायटन्स १२ संघांत ११ वे आले!

इकडे सिद्धार्थ नसलेली यू मुंबा फझल अत्राचलीच्या बचावावर उपांत्य फेरीत पोहोचली आणि पुढे विजेता ठरलेल्या बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ अशी हरली. खेळाडू तोच, गुण जवळपास तेवढेच, आजूबाजूचे सहा जण बदलले आणि निकाल उलटा लागला.

यंदाही तेच दिसले. पाटण्याच्या देवांकने ३०१ चढाई गुण घेतले. २५ सामन्यांत सरासरी १२, म्हणजे अचाटच. पण करंडक गेला हरियाणाकडे, ज्यांचा एकही चढाईपटू दोनशेच्या जवळपास नव्हता. त्यांनी उपांत्य फेरीत यूपी योद्धाजला २५ गुणांवर आणि अंतिम फेरीत पाटण्याला २३ वर रोखले. शादलुईसह बचाव फळीने सामने आवळून धरले. चढाईचा भार विनय आणि आपला शिवम पटारे यांच्यात वाटला गेला. एक अडवला तरी दुसरा होता.

मग सुनीलने काय केले?

सुनील उजवा मध्यरक्षक आहे. कोपरारक्षक चढाईपटूचा घोटा धरतो, ते छायाचित्रात छान दिसते. पण घोटा धरलेला चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा मधून येऊन त्याला अडवणारा किंवा मैदानाबाहेर ढकलणारा मध्यरक्षक असतो. पकडीचा गुण मात्र फळ्यावर एकाच नावापुढे लागतो. साखळी करून धावून आलेल्या दुसऱ्याच्या खात्यात बहुतेक वेळा काहीच जमा होत नाही. चढाईपटू ज्या बाजूला गेलाच नाही, ती बाजू सांभाळणाऱ्याचा तर कुठलाच रकाना नाही.

त्यामुळे मध्यरक्षकाला एकट्याला मोजणे मला चुकीचे वाटते. जोडी मोजावी. सुनील आणि डावा मध्यरक्षक परवेश भैंसवाल ही जोडी गुजरातकडून पाचव्या आणि सहाव्या, लागोपाठ दोन हंगामांत अंतिम फेरी खेळली होती. नवव्या हंगामात सुनीलने कर्णधार म्हणून जयपूरला विजेतेपद मिळवून दिले. यंदा यू मुंबाने दोघांना पुन्हा एकत्र आणले, कोपऱ्यांत रिंकू आणि सोमबीर होते. लिलावात १ कोटीला घेतलेल्या माणसाचा जोडीदारही सोबत आणणे, हा मला यंदाचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्याची फारशी चर्चा झाली नाही.

२६ डिसेंबरचा एलिमिनेटर आठवून पाहा. पाटणा ३१, मुंबई २३. ज्या संघाकडे देवांक आणि अयान आहेत, त्या संघाला ३१ वर रोखणे हे बचावाचे अपयश म्हणता येणार नाही. ३१ गुणांचा पाठलाग होऊ शकतो. अडचण दुसऱ्या आकड्यात आहे. बाद फेरीच्या सामन्यात २३ गुणांवर कोण जिंकणार? अंतिम फेरीत पाटण्यालाही २३ वर हरावे लागलेच.

म्हणून कट्ट्यावरचा प्रश्न मला चुकीच्या माणसाकडे बोट दाखवणारा वाटतो. हिशेब विचारायचा तर तो दुसऱ्या चढाईपटूचा विचारा. मनजीतला ८० लाख देऊन घेतले होते. सुनीलनंतरची ही मोठी रक्कम होती. त्याने काही सामने काढून दिले, हे खरे. तरीही मुख्य चढाईपटू म्हणून आणलेला अनुभवी खेळाडू पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या पोराच्या बराच मागे राहिला. इराणचा अष्टपैलू आमिरमोहम्मद झफरदानेश मधूनमधून चमकला, पण रोजचा भार उचलणारा तो ठरला नाही. अजितला अडवायचे कसे हे हंगामाच्या उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्यांना कळू लागले, की मग मुंबईचे दुसरे उत्तर कोणते, हे स्पष्ट दिसत नव्हते.

अजितलाही थोडे सांभाळूनच जोखावे लागेल. पहिल्या हंगामात बचावपटूंना नव्या चढाईपटूच्या सवयी ठाऊक नसतात. तो बोनस कधी घेतो, कोणत्या कोपऱ्यात जास्त जातो, हे आता सगळ्या संघांच्या लॅपटॉपवर आहे. दुसरा हंगाम त्याची खरी परीक्षा घेईल. भार वाटला गेला नाही तर काय होते, हेही माहीत आहे. सलग दोन हंगाम दोनशेहून जास्त गुण ओढणारा सिद्धार्थ देसाई आठव्या हंगामात दुखापतीमुळे जेमतेम काही सामने खेळू शकला.

सोडलेल्या खेळाडूची किंमत काय?

सातव्या हंगामात यू मुंबाकडे अर्जुन देशवाल नावाचा तरुण चढाईपटू होता. पहिली पसंती अभिषेक सिंगला होती, त्यामुळे अर्जुनच्या वाट्याला चढाया कमी आल्या आणि एकूण गुण डोळ्यांत भरण्याइतके झाले नाहीत. मुंबईने त्याला जाऊ दिले. आठव्या हंगामाआधी जयपूरने ९६ लाखांत उचलले. त्या हंगामात त्याने २६७ चढाई गुण घेतले. पुढच्या हंगामात २९६ गुण घेत तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जयपूर विजेते झाले, तेही मुंबईत, वरळीच्या डोममध्ये. याच काळात यू मुंबाचे ते तीन कोरडे हंगाम सुरू झाले होते.

एकूण गुणांची यादी पाहून अर्जुन दिसला नसता. मिळालेल्या चढायांपैकी किती यशस्वी झाल्या आणि तो किती वेळा पकडला गेला, हे पाहिले असते तर कदाचित दिसला असता. आता राखीव बाकावर असाच कोणी बसला आहे का, हे पाहण्याची जबाबदारी संघ व्यवस्थापनाची आहे. या ११ व्या हंगामात माझंदरानी पुन्हा मुंबईकडे होते. इराणला २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून देणाऱ्या या प्रशिक्षकाला तरुणांना संधी देण्याचे वावडे नाही, हे सिद्धार्थ आणि अजित या दोघांवरून दिसलेच आहे.

आपल्या भागाचा याच्याशी काय संबंध?

यंदा हैदराबाद, नोएडा आणि पुणे अशा तीनच ठिकाणी सामने झाले. मुंबईच्या संघाचा एकही सामना मुंबईत नाही. घोडपदेव, लालबाग, काळाचौकीतले कबड्डीवेडे बालेवाडीला गेले किंवा मोबाइलवर पाहत बसले. मोबाइलवर जे आकडे दिसतात, त्यांवरूनच मग मत बनते. सध्या जानेवारीतल्या स्थानिक स्पर्धांचे दिवस आहेत. संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलांना विचारले तर जवळपास प्रत्येकाला चढाईपटूच व्हायचे असते. मध्यरक्षक व्हायचे आहे असे सांगणारा मला तरी अजून भेटलेला नाही. जो चढाईत मागे पडतो, त्याला पकडीला उभे करतात, अशी आपल्याकडे रीत आहे. लिलावात १ कोटी मिळवणारा मध्यरक्षक असतो, ही बातमी त्या मैदानांपर्यंत पोहोचायला हवी.

यू मुंबाची कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी येईल तेव्हा बहुतेक जण आधी अजितचे नाव शोधतील. ते असायलाच हवे. मी त्याच्याखाली परवेशचे नाव शोधणार आहे. सुनीलला ठेवून परवेशला सोडले, तर पुढच्या हंगामात सुनीलच्या पकडी कमी होतील आणि नाक्यावर म्हणतील, ‘बघ, सांगितलं होतं ना, एक कोटी पाण्यात.’