धडधड थांबते, उदासी तशीच राहते



छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, पहाटे जाग आली की पुन्हा झोप नाही. अशी तक्रार घेऊन आमच्या खारदांड्यातली बाई दवाखान्यात गेली की आधी 'गॅस' निघतो, मग ईसीजी, आणि तो चांगला आला की झोपेची गोळी. मन उदास असतं का, कशात जीव रमतो का, हे विचारलंच जात नाही. नैराश्याच्या कितीतरी रुग्णांत ही घालमेल त्याच आजाराचा भाग असते.

माझ्या नात्यातल्या मासळी विकणाऱ्या एक बाई कित्येक महिने अल्प्राझोलाम या अशाच गोळीवर होत्या. गोळी घेतली की तासाभरात बाजारात बसण्याइतपत बरं वाटायचं. उदासी मात्र हलली नाही, आणि एका गोळीच्या दोन झाल्या. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं. विक्रीची नोंद वहीत करून ती ३ वर्षं जपायची, असा नियम आहे. तरी जुन्याच चिठ्ठीवर ते मिळत राहिलं.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम दिलं. अशी नैराश्याची औषधं उदासी आणि घालमेल दोन्हींवर चालतात, पण गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात काहींची धडधड उलट वाढते. म्हणूनच अनेकदा कमी मात्रेने सुरुवात करतात. हे आधी न सांगितल्यामुळे बाईंनी औषध सोडलं आणि पुन्हा जुनी गोळी धरली. घरचे नव्या औषधाबद्दल म्हणाले, "सवय लागेल." सवय लावते ती अल्प्राझोलाम! नैराश्याच्या औषधाची तशी ओढ लागत नाही. मात्र दोन्ही आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत.

काहीजण म्हणतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हप्ते थकलेले, मग काळजी वाटणारच. त्याला औषध कशाला? मान्य. पण ऑगस्टात होड्या भरून आल्या, हप्ते फिटले, तरी हात थरथरतच राहिले, तर तो आजारच समजायला हवा.

कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पण सकाळी रांगेत उभं राहिलं की धंदा बुडतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने उपचार हा हक्क ठरवला आहे. तेव्हा महापालिकेने 'आपला दवाखाना'त संध्याकाळी मानसोपचाराची तपासणी सुरू करावी आणि औषध सुरू केलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या आठवड्यात फोन करावा. तोवर कुणी औषध सोडण्याच्या बेतात असेल, तर आधी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं.

— एक वाचक, दांडा कोळीवाडा, खार (प.)