समाजवाद्यांनो, तुमचा पक्ष कुठे आहे?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हाती आला, तरी बांबू बाहेर नेता येईना. वनखाते वाहतूक परवाना ग्रामसभेला द्यायला तयार नव्हते. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेला मिळाले. कायद्याने दिलेला हक्क वापरायला मंत्र्यांची वाट पाहावी लागली!

या गावासोबत उभे राहिलेले मोहन हिराबाई हिरालाल जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आले होते. त्यांनी आणि देवाजी तोफांनी केलेले काम मोठेच आहे. सवाल त्यांना नाही. सवाल एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे यांचा वारसा सांगणाऱ्यांना आहे. ग्रामसभा लढत होती तेव्हा विधानसभेत तिचा आवाज उठवणारा तुमचा पक्ष कुठे होता?

तो तुम्हीच १९७७ मध्ये जनता पक्षात विसर्जित केला होता, तोही जनसंघाच्या मांडीला मांडी लावून. मधू लिमयेंनी दुहेरी सदस्यत्वाचा सवाल नंतर उचलला, पण तोवर स्वतःचे घर मोडून झाले होते. पुढे जॉर्ज फर्नांडिस वाजपेयींचे संरक्षणमंत्री झाले आणि २००२ मध्ये गुजरात जळत असतानाही त्याच सरकारात राहिले. आम्ही मुसलमानांनी हे विसरावे, अशी अपेक्षा कुणी करू नये.

आणीबाणीमुळे दुसरा इलाज नव्हता, असे सांगतात. मग जर्मनीकडे बघा. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध मते पडली ती फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाची, ९४. जूनमध्ये पक्षावर बंदी आली. माणसे तुरुंगात गेली, परदेशात गेली, पण पक्ष मोडला नाही. १९४५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. (हे लोक काही संत नव्हते. १९१४ मध्ये युद्धाच्या कर्जाला त्यांनीच हात वर केले होते.)

१९४६ मध्ये सोव्हिएत दबावाखाली पूर्व जर्मनीतला हा पक्ष कम्युनिस्टांत विलीन झाला. पश्चिमेत कुर्ट शूमाखर यांनी विलीनीकरणाला साफ नकार दिला. तिथे १९६९ मध्ये याच पक्षाचे विली ब्रांट चॅन्सेलर झाले. पूर्वेत मात्र पक्षाचे नावच पुसले गेले.

गडचिरोली जिल्ह्यात विधानसभेच्या तीन जागा आहेत, तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. वनहक्काच्या लढ्याची एवढी पुण्याई गाठीशी असताना, २००९ पासून तिथून समाजवादी पक्षाचा एकही आमदार मुंबईला गेला नाही. तिकडे एटापल्लीत सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक निघतात आणि विरोध करणाऱ्या ग्रामसभांचे ठराव कागदावर राहतात. यावर, ‘पक्षीय राजकारण घाणेरडे, आम्ही लोकशक्ती उभारतो,’ असे उत्तर अजूनही मिळते. आमच्या मोहल्ल्यातली संस्था काढणारी पोरेही हल्ली हेच बोलतात.

पूर्व जर्मनीत ऑक्टोबर १९८९ मध्ये, सरकारी पक्षाचीच सत्ता असताना, श्वान्टे गावात पाद्र्याच्या घरी मूठभर माणसे जमली आणि त्यांनी सोशल डेमोक्रॅट पक्ष नव्याने स्थापला. विलीनीकरणाला तेव्हा ४३ वर्षे झाली होती. तुमच्या विसर्जनाला त्याहून अधिक झाली.