घरकुल गावकुसाबाहेर नको, शहरात जागा द्या!

धाराशिव शहर वाढते आहे. 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या लाखाच्या वर गेली होती. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे कामही हाती घेतले आहे. घरे वाढणारच. प्रश्न हा आहे की ती कुठे आणि कोणासाठी वाढणार?

आजवरची रीत आपण पाहतोच. शहराबाहेरचे शेत एनए करायचे, प्लॉट पाडायचे, विकून मोकळे व्हायचे. तिथे ना शाळा, ना दवाखाना, ना बस. मग घराघरात मोटारसायकल येते आणि सकाळी सगळ्या गाड्या त्याच बाजाररस्त्यावर उतरतात. त्यानंतर ओरड होते, "ट्रॅफिक वाढले, हातगाड्या उठवा, झोपडपट्टी हलवा!" गर्दी कोणी केली आणि शिक्षा कोणाला?

काही जण म्हणतील, शहरातच घरे दिली तर गर्दी आणखी वाढेल. आम्हाला हे मान्य नाही. चालत कामावर जाणाऱ्या धुणीभांडीवाल्या बाईमुळे रस्त्यावर एकही गाडी वाढत नाही. तिलाच पाच किलोमीटर दूर फेकले की रिक्षा लागते आणि मजुरीतला वाटा भाड्यात जातो.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याचे खरे रूप मांडले. त्या खेड्यातून सुटण्यासाठी आपली माणसे शहरात आली. इथेही त्यांना कडेलाच ढकलायचे असेल तर गावकूस बदलले कुठे?

रमाई आवास असो की प्रधानमंत्री आवास, स्वतः घर बांधायचे तर आधी जागा नावावर लागते. जागा नाही म्हणून घरकुल नाही! 1 जानेवारी 2011 पूर्वीची शासकीय जागेवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाचेच आहे. ते वस्तीवस्तीत लागू करा.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वस्ती आहे तिथेच पट्टा आणि पक्के घर द्या. नवी घरकुले बसस्थानक, शाळा, दवाखाना चालत गाठता येईल अशा शासकीय जागेवर बांधा. नव्या लेआउटला परवानगी देण्याआधी तिथल्या बसची सोय ठरवा.

तरुण मित्रांनो, विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की नगररचना कायदा 1966 च्या कलम 26 नुसार हरकती घेता येतात. मुदत थोडी असते. नकाशा मिळवा, त्यात आपली वस्ती शोधा, तिच्यावर कसले आरक्षण टाकले ते पाहा आणि लेखी हरकत द्या. मोर्चा नंतरही काढता येईल, हरकतीची तारीख परत येत नाही.

जय भीम!