चणे आहेत, दात नाहीत

जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात 2024 साली दात पुन्हा उगवू शकेल अशा औषधाची मानवी चाचणी सुरू झाली आणि आपल्याकडे कवळीला निरोप देण्याची भाषा सुरू झाली. चाचणीसाठी निवडलेले पुरुष 30 ते 64 वयोगटातील होते आणि औषधाचे पहिले लक्ष्य जन्मतः दात नसलेले रुग्ण आहेत, हा तपशील मथळ्यात मावत नाही. संशोधन मोलाचे आहे, ते व्हावेच. आक्षेप आपल्या उत्साहाच्या दिशेला आहे. उद्याच्या दातावर भरभरून बोलणारी आपली विज्ञानचर्चा आज बोळक्या तोंडाने जेवणाऱ्या माणसाविषयी मूक असते.

चर्वण ही प्रथमतः भौतिक क्रिया आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन एक मिलिमीटरच्या घनांत फोडला, तर एकूण पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटरवरून 60 वर जाते. पाचकरसांना दहापट जागा मिळते. दाढा गेल्या की हे यंत्र थांबते. मग ताटातून गाजर, काकडी, शेंगदाणे, उसळी, मांस हे पदार्थ हद्दपार होतात. उरतो मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी आणि चहात बुडवलेले बिस्किट. प्रथिने घटतात, साखर वाढते आणि तीच साखर उरलेल्या दातांवर घाला घालते. दाताचे कवच साधारणतः 5.5 सामूला विरघळू लागते. हिरड्या मागे सरून उघडे पडलेले मूळ 6.5 च्या आसपासच. सामूतील एका एककाचा फरक म्हणजे दहापट कमी आम्लही मुळाचा घास घेण्यास पुरेसे. त्यात रक्तदाबाच्या व नैराश्याच्या अनेक औषधांनी लाळ आटते, म्हणजे नैसर्गिक संरक्षणही जाते.

‘म्हातारपणी दात जायचेच’ हे आपले लाडके उत्तर. जपानने 1989 मध्ये ‘वयाच्या 80 व्या वर्षी 20 दात’ अशी मोहीम हाती घेतली. 2016 च्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक वृद्धांनी ते लक्ष्य गाठलेले आढळले. वय तेच, निसर्ग तोच. बदलली ती व्यवस्था.

आपली व्यवस्था पाहा. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षांवरील प्रत्येकाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. निर्णय स्वागतार्हच, पण ते संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दात भरणे, मुळाचा उपचार, कवळी यांसाठी कोणी दाखल होत नाही. म्हणजे कुपोषणाने खंगलेला वृद्ध खाटेवर आला की योजना जागी होते. त्याला चावता यावे म्हणून मात्र ती काही करीत नाही.

2017 ची राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब ज्येष्ठांना कवळी देते, पण काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याच यादीत. काठी शिबिरात हातात देता येते. कवळीसाठी तोंडाचे माप, चाव्याची नोंद, तात्पुरती जुळणी आणि नंतर टोचणारी जागा घासून देणे अशा अनेक फेऱ्या लागतात. पाठपुराव्याविना दिलेली कवळी डब्यात पडून राहते आणि कागदावर लाभार्थी वाढतो.

पैसे नाहीत, हा युक्तिवाद टिकत नाही. कवळीचे ॲक्रिलिक हे जुने, स्वस्त बहुवारिक आहे. केरळचे सरकार ‘मंदहासम्’ योजनेतून गरीब ज्येष्ठांना मोफत दंतपंक्ती देते. देशात 300 हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि कवळी बनविणे हा तेथील अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मनुष्यबळ आहे, साहित्य आहे. त्यांना जोडणारा दुवा नाही.

म्हणून मागण्या तीनच. 70 वर्षांवरील बाह्यरुग्ण दंतोपचार व पाठपुराव्यासह कवळी आयुष्मान भारतमध्ये समाविष्ट करा. प्रत्येक दंत महाविद्यालयाला आसपासच्या तालुक्यांची जबाबदारी द्या. आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या 12 सेवांत मुखआरोग्य लिहिलेलेच आहे, तर तेथे प्रत्येक ज्येष्ठाचे तोंड वर्षातून एकदा उघडून पाहा. फ्लोराइड लावण्यास प्रयोगशाळा लागत नाही.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण दैवाला दोष देण्यासाठी वापरली जाते. रेशनवर धान्य देण्याची जबाबदारी राज्याने स्वीकारली, तेव्हा म्हणीचा अर्धा भाग दैवाच्या हातून सुटला. उरलेला अर्धा अजून तसाच आहे, आणि तो धोरणाचा प्रश्न आहे.