वाड्याचे रडगाणे आणि वाड्याचा हिशेब

मराठी साहित्यात वाडा पडतो तो बहुधा पावसाळ्यात, तिन्हीसांजेला, आणि आपला आपणच. माजघरात एखादी म्हातारी कंदील पुसत असते, तुळईतून भुसा गळत असतो, परसातल्या पारिजातकाखाली कोणी उभे नसते. मग एक भिंत खचते आणि लेखक हळहळतो. पुण्याच्या पेठांतून जाता-येता आम्ही गेली कित्येक वर्षे जे पाहत आहो त्याचा या चित्राशी फारसा संबंध नाही. तिथे वाडा पडतो तो नोटिशीने, करारनाम्याने, वारसांच्या सह्यांनी आणि शेवटी जेसीबीने. त्याच्या पडण्याला तारीख असते, कलम असते, दर चौरस फुटाचा भाव असतो. असे असता आमच्या कथा-कवितांत, ललित लेखांत आणि विशेषतः वर्गांत दिल्या जाणाऱ्या व्याख्यानांत ‘काळाचा महिमा’ एवढेच कारण पुरत आले आहे. हा महिमा नक्की कोणाच्या खात्यात जमा होतो, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. पेठांचे जे चालले आहे त्याला बिल्डर, घरमालक, नगरसेवक जबाबदार आहेतच. परंतु या व्यवहाराला नियतीचे वस्त्र चढवण्याचे काम आपण साहित्याच्या लोकांनी केले आहे, आणि तेही फुकट केले आहे.

उदाहरण घ्यायचे तर महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चेच घेऊ. १९८५ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक विदर्भातल्या खेड्यातले. पुण्याशी त्याचा संबंध नाही. पण ‘वाडा’ हा शब्द उच्चारताच अभ्यासक्रमात हेच नाटक पुढे येते, आणि त्यावर ‘ऱ्हासाची शोकात्मिका’ हा शिक्का मारून आपण मोकळे होतो. वास्तविक ते नाटक हिशेबाने ठासून भरलेले आहे. वडिलांच्या तेराव्याचा खर्च कोणी करायचा, त्यासाठी काय विकायचे, दागिने कोणाच्या ताब्यात आहेत, अंगणातला ट्रॅक्टर का गंजतो आहे, या प्रश्नांवर ते उभे आहे. नाटककाराने आकडेमोड मांडली. आपण तिच्यातून फक्त उसासा उचलला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’चेही तेच केले. मुंबईच्या बाबतीत जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने गिरणी, संप आणि घर यांची गाठ निदान दाखवून तरी दिली. पुण्याच्या पेठांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही.

म्हणून आधी हिशेब.

१९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधून ठेवले. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळातली ती तातडीची सोय. ती पुढे अर्धशतक टिकली. १९९७च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे अवाजवी ठरवले, आणि १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून अमलात आला. त्यात भाडेवाढ दिली गेली ती दरसाल चार टक्के. गोठलेल्या आकड्यावर चार टक्के! म्हणजे ज्या खोलीचे भाडे एका चहाच्या किमतीशी झगडत होते, ते आता दोन चहांच्या किमतीशी झगडू लागले.

याच कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार दुरुस्ती हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक नाही. समजा, महिना पन्नास रुपये भाडे. वर्षाचे सहाशे. त्याचा चौथा हिस्सा दीडशे रुपये. दीडशे रुपयांत सागाची तुळई बदलत नाही. तुळई बदलायला आलेल्या सुताराचा एका वेळचा चहा-नाश्ता होतो. तेव्हा मालक दुरुस्ती करीत नाही, कारण त्याला ती परवडत नाही. भाडेकरू करीत नाही, कारण त्याला ती वसूल होत नाही. पांढऱ्या मातीची भिंत दोघांचेही ऐकत नाही. ती पाणी पीत राहते.

आता पुढची पायरी. जी इमारत पडण्याच्या बेतात आहे ती उतरवण्याची नोटीस महानगरपालिका अधिनियमाच्या २६४व्या कलमाखाली आयुक्त देऊ शकतात. आणि पालिकेने तातडीने पाडण्याचा हुकूम दिलेली जागा परत मिळवण्याचा हक्क भाडेनियंत्रण कायद्याच्या सोळाव्या कलमात मालकाला आहे. दोन्ही तरतुदी वेगवेगळ्या वाचल्या तर शहाणपणाच्या वाटतात. माणसे ढिगाऱ्याखाली मरू नयेत हे कोणाला अमान्य असेल? पण दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ज्या वाड्यातून भाडेकरू वर्षानुवर्षे दावे लढूनही हलत नव्हता, तो वाडा पुरेसा मोडकळीला येऊ दिला की एका कागदाने रिकामा होऊ शकतो. दुर्लक्ष हे इथे हत्यार होते, आणि पाऊस त्या हत्याराला मुहूर्त देतो. दर वर्षी मे-जूनमध्ये धोकादायक वाड्यांच्या याद्या निघतात, तेव्हा ‘धोकादायक’ या विशेषणाचे विशेष्य काय, असा व्याकरणाचा प्रश्न आम्हांला पडतो. कोणाला धोका, आणि कोणापासून?

इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. हक्क राहतो खरा. पण त्या हक्काला राहायला जागा नसते. सत्तरीतले दांपत्य हक्क उराशी धरून दूर उपनगरात मुलाच्या हॉलमध्ये झोपते, आणि तारीख पडत राहते. हे दृश्य आमच्या एकाही ललित लेखात आलेले आम्हांला आठवत नाही. तिथे अजून पारिजातकच आहे.

दुसऱ्या टोकाला संरक्षणाचा कायदा आहे, आणि त्याची तऱ्हा आणखी विलक्षण. शनिवारवाडा केंद्राचे संरक्षित स्मारक. २०१०च्या दुरुस्तीने अशा स्मारकांभोवती शंभर मीटरांत नव्या बांधकामाला मनाई झाली. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, ती राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या वाटेने. परिणामी १८२८च्या आगीत आतून बेचिराख झालेल्या, आज तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढाच उरलेल्या वाड्याच्या रक्षणार्थ आसपासचे माणसे नांदती असलेले वाडे ना पुन्हा बांधता येत ना सुखाने राखता येत. ज्या वाड्यात कोणी राहत नाही त्याला कायद्याचे छत्र, आणि ज्यात लोक राहतात त्याला ताडपत्री! इतिहासावरचे आमचे प्रेम कोणत्या जातीचे आहे हे यावरून ध्यानी यावे. आम्हांला पटांगण हवे असते. बिऱ्हाडे नको असतात.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. वाडा म्हणजे काय स्वर्ग होता? सामाईक नळ, सामाईक संडास, अंधाऱ्या माजघरात उमर काढलेल्या बायका, आणि आडनाव विचारून दिलेली खोली. हे सारे खरे आहे. कात्रजहून पेशव्यांनी अठराव्या शतकात पाणी आणले आणि पेठापेठांतले हौद भरले, हे अभिमानाने सांगताना त्या पाण्यावर कोणाचा हात चालत नव्हता हे सांगायचे राहून जाते. म्हणून तर १८६८ साली जोतीराव फुल्यांना गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. वाड्याच्या नावाने गहिवरणाऱ्यांनी हा दुसरा हौदही स्मरावा. वाडा टिकवा, एवढीच मागणी करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. बांधकाम म्हणजे पाप असेही आम्ही मानत नाही. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते; या धंद्यातली लाचलुचपत त्यांनी जवळून पाहिली आणि तिच्यावर लिहिले. हिशेब ठाऊक असलेला लेखक कसा असतो याचा आदर्श याच शहरात घडला, आणि आपण त्याच्याकडून एवढे एकच शिकलो नाही.

जोतीरावांचे नाव निघाले म्हणून बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याबद्दल लिहिणे भाग आहे. १८४८ साली तिथे मुलींची शाळा सुरू झाली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. वाड्याचा तळमजला पुढे दुकानांनी भरला, वरचा भाग ढासळत गेला, स्मारकाचा ठराव झाला, वाद न्यायालयात गेला, आणि २०२३च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आल्यावर डिसेंबरात पालिकेने रातोरात वाडा उतरवला. जागेवर राष्ट्रीय स्मारक योजले आहे. स्मारकाला आमचा विरोध नाही. पण ही घटनाक्रमाची उतरंड एकदा नीट पाहावी: वास्तू होती तेव्हा तिच्याकडे कोणी पाहिले नाही, पाहू लागले तेव्हा ती पाहण्यासारखी उरली नव्हती. जिथे स्त्रीशिक्षणाच्या उगमाची ही गत, तिथे एखाद्या तांब्याची भांडी घडवणाऱ्याच्या घराची काय कथा?

ती कथा मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तोटा खरा तिथे आहे. कसब्यातली तांबट आळी, बुरुड आळी ही नुसती नावे नव्हेत. खाली काम आणि वर घर अशी ती राहणी आहे. हातोड्याचा आवाज, भट्टीची धग आणि बांबूच्या चोया यांना तळमजला लागतो, अंगण लागते, आणि रस्त्याशी बोलणारी ओसरी लागते. नव्या इमारतीचा तळमजला एकतर खांबांवर उभा राहून मोटारींना दिला जातो, नाहीतर दुकानाच्या भावाने विकला जातो. कारागीर चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेचा मालक होऊही शकतो. तांब्याचा बंब तिथे ठोकता येत नाही. त्याला घर मिळते आणि धंदा जातो. या व्यवहाराला कागदावर ‘पुनर्वसन’ म्हणतात.

आणि आपला तोटा? तो कबूल करताना साहित्यिकांची जीभ अडखळते. सदाशिव, नारायण, शनिवार, बुधवार या पेठांत मराठी मुद्रण आणि प्रकाशन वाढले, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची बाजारपेठ उभी राहिली. हे काही केवळ सरस्वतीच्या कृपेने झाले नाही. खिळे जुळवण्याची अंधारी खोली, न खपलेल्या आवृत्त्यांचे गठ्ठे ठेवायचा माळा, मासिकाचे दीड टेबलाचे कार्यालय, बाहेरगावच्या विद्यार्थ्याची कॉटबेसिसवरची खोली, हे सारे स्वस्त भाड्यावर चालत होते. म्हणजे मराठी साहित्याला पुण्याच्या घरमालकांनी, स्वतःच्या इच्छेविरुद्ध, अर्धशतकभर अनुदान दिले. सरकारी अनुदानाबद्दल आपण परिसंवाद घेतो. या अनुदानाची नोंद वाङ्मयेतिहासाच्या एकाही खंडात नाही. ते आता बंद होत आहे, आणि ज्या घरमालकाला आपण कथेत खलनायक केले त्याचे आपण देणे लागतो हेही आपल्याला ठाऊक नाही.

शेवटी भाषेविषयी, कारण ती तरी आपल्या अखत्यारीतली. ‘विकसन करारनामा’, ‘पुनर्विकास’, ‘लाभार्थी’ हे शब्द आपण मुकाट्याने घेतले. ‘पुनर्’ या उपसर्गाने आधी एकदा विकास झाला होता असे सुचते. तो कोणाचा, हे विचारायचे नसते. पाडलेल्या वाड्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या सहा मजल्यांना पुन्हा वाड्याचेच नाव देतात, प्रवेशद्वाराशी प्लास्टरची कमान आणि एखादी पितळी समई ठेवतात. जुने सागवानी खांब तोवर एखाद्या ‘पारंपरिक’ हॉटेलच्या दर्शनी भागात जाऊन उभे राहिलेले असतात. जाहिरातीचा मजकूर वाचावा: त्यातली ‘आपुलकी’, ‘जुन्या दिवसांचा गंध’, ‘पिढ्यांचा वारसा’ ही शब्दसंपत्ती आमच्याच ललित लेखांतून उचललेली आहे. ज्या हळहळीला आपण प्रतिकार समजत होतो, तिचे विक्रीपत्रक झाले.

तेव्हा मराठीच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच. ‘मराठी साहित्यातील वाडासंस्कृतीचे चित्रण’ या विषयावरचे प्रबंध काही वर्षे थांबले तरी वाङ्मयाचे नुकसान होणार नाही. त्याऐवजी आपल्या महाविद्यालयाजवळच्या एका वाड्याचे मालमत्तापत्रक काढावे. त्यावर किती वारस चढले, किती उतरले ते पाहावे. भाड्याच्या पावत्या मागून वाचाव्यात, नोटिशीची भाषा वाचावी, खणांची संख्या आणि बिऱ्हाडांची संख्या मांडावी, आणि जे गेले ते कुठे गेले हे शोधून त्यांच्या तोंडून ऐकावे. ज्यांना कादंबरी लिहायची आहे त्यांनी त्यानंतर लिहावी. तिच्यात वाडा पावसात पडला तरी चालेल. मात्र पावसाआधीची दहा वर्षे तिच्यात असली पाहिजेत.